सांधा सुजला? आधी कारण शोधा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्या वेळी तेथील सुमारे ३७ टक्के लोक आजारी पडल्याची नोंद आहे. त्यानंतर जवळपास तीन दशके हा आजार देशात फारसा दिसला नाही. २००५-०६ मध्ये मात्र तो महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात पुन्हा पसरला. 'चिकुनगुनिया' हा शब्द टांझानियातील माकोंडे भाषेतला असून त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. ताप आठवड्यात उतरतो, पण सांधे काही जणांना महिनोन्महिने छळतात. म्हणूनच आजही सांधा सुजला की 'चिकुनगुनियाच असेल' म्हणून गोळी घेतली जाते. ही घाई धोक्याची ठरू शकते.

चिकुनगुनियात बहुधा दोन्ही बाजूंची मनगटे, बोटे आणि घोटे एकाच वेळी धरतात. ताप असताना डेंग्यू नाही हे निश्चित होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. सूज तीन महिन्यांनंतरही राहिली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. 'वातावरच्या' अनोळखी पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

जुलाब किंवा लघवीच्या संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांनी गुडघा वा घोटा सुजला, डोळे लाल झाले, तर तो 'रिॲक्टिव्ह' संधिवात असू शकतो. यात सांध्यात जंतू वाढत नसतात. संसर्गाने चेतवलेली प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते. म्हणून आधी होऊन गेलेला आजार डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

गाऊटची तऱ्हा वेगळी. रात्री बरे झोपलेल्या माणसाचा पायाचा अंगठा पहाटे लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साचल्याने हे घडते. सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले, वर मद्य आणि मटणाची भर पडली, की झटका येऊ शकतो. झटक्याच्या वेळी रक्तातील युरिक ॲसिड कधी कधी सामान्यही दिसते. तपासणी दोन-चार आठवड्यांनी पुन्हा करावी. डाळी किंवा शेंगदाण्याची चटणी सरसकट बंद करण्याची गरज नसते. युरिक ॲसिड कमी करणारे औषध सुरू असेल, तर ते झटक्यात स्वतःहून थांबवू नये. उतारवयात गुडघ्यात किंवा मनगटात कॅल्शियमचे स्फटिक साचूनही अशीच सूज येते. त्यावर पथ्याचा उपयोग होत नाही.

सर्वांत घातक म्हणजे सांध्यात जंतूंनी पू होणे. एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, पाय टेकवेना किंवा हात हलवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी तर अजिबात थांबू नये. ताप नसला तरी धोका टळलेला नसतो. उपचाराला उशीर झाला, तर काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होऊ शकते. शेक किंवा मालिश करू नये. सुईने सांध्यातील पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की जंतू की स्फटिक याचा उलगडा होतो. या तपासणीला घाबरण्याचे कारण नाही.

राहिला डासांचा प्रश्न. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरांत साठवण टळत नाही. पण पिंप आणि रांजण झाकून ठेवणे, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करणे हे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.