बेचाळीस किलोमीटर आणि एक जिना

मॅरेथॉनच्या आद्य दंतकथेत एक मोठी सोय आहे. तिच्यातला धावपटू अथेन्सला विजयाची वार्ता सांगतो आणि जागच्या जागी प्राण सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ अंथरुणातून उठला कसा, हा प्रश्न कथाकाराला पडतच नाही! जे जिवंत राहतात त्यांना मात्र दुसरा दिवस असतो, तिसरा असतो, आणि त्या दिवसांविषयी कोणी फारसे बोलत नाही.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती जानेवारीतल्या रविवारी असते. सोमवारी सकाळी दादर स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटे उभे राहा. काल कोण धावले हे ओळखायला गळ्यातले पदक पाहावे लागत नाही. जिना चढताना ही मंडळी कशीबशी निभावून नेतात. उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी तिरपी तिरपी, एकेका पायरीची विनवणी करीत खाली येतात. मागून येणारी गर्दी चरफडते. तरण्याताठ्या माणसाला असे काय झाले, हे तिला कसे कळावे?

चढण्यापेक्षा उतरणे जड जावे यात वरवर पाहता विपरीत काहीतरी वाटते. पण त्याला कारण आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि देह वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाताच देहाला आवरून धरीत असतो. धावताना पाऊल जमिनीवर पडले की प्रत्येक वेळी हेच घडते. बेचाळीस किलोमीटरात अशी चाळीसएक हजार पावले पडतात. स्नायूंचे बारीक तंतू जागोजाग उसवतात, मग तिथे सूज येते, आणि दुरुस्तीचे काम सुरू होते. ही दुखण्याची लाट शर्यतीनंतर एक ते तीन दिवसांत सर्वांत उंच चढते. म्हणून सोमवारी ‘मला काही झाले नाही’ म्हणून मिरवणारा मंगळवारी खुर्चीतून उठताना ‘आई ग’ म्हणतो.

हे सारे लॅक्टिक आम्लामुळे होते, असे सांगणारे शहाणे प्रत्येक चाळीत भेटतात. ते आम्ल बिचारे तास-दोन तासांतच निघून गेलेले असते. तंतू उसवतात ही कल्पना अमेरिकेत थिओडोर हफ याने १९०२ सालीच मांडली होती. पण आम्लाची अफवा अजून हटत नाही.

घरोघरी उपायही तयार असतात. आजी तेलाची वाटी घेऊन बसते आणि पोटऱ्या पिळून काढू पाहते. हलका हात फिरवला तर बरे वाटते. पण उसवलेल्या कापडाला पिळू नये हे धोब्यालाही कळते. वरणभात, दूध, अंडी, भरपूर झोप आणि थोडे सावकाश चालणे यांत बहुतेक सारे आले. आणखी एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धावून देह सुकलेला असताना दुखणे थांबवायच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर मूत्रपिंडांवर भार येतो. लघवी चहासारखी काळपट झाली, किंवा ती होतच नाही, तर घरगुती उपाय सोडून तडक डॉक्टर गाठावा. स्नायूंचा चुरा रक्तात फार उतरल्याची ती खूण असते. काळे पडलेले नख गळून जाते आणि नवे येते. मूत्रपिंडाचे तसे नाही.

मोठ्या नावांनाही यातून सुटका नव्हती. एमिल झाटोपेक १९५२ साली हेलसिंकीत पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकून वर आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावला आणि तीही जिंकला. पुढे आठवडाभर आपल्याला धड चालता आले नाही, हे त्यानेच सांगून टाकले. पाय असे संपावर गेले असताना माणूस मनातून तृप्त असू शकतो, हेही त्याच्याच बोलण्यावरून कळते.

त्याच शर्यतीत इंग्लंडचा जिम पीटर्स होता. त्या वेळी मॅरेथॉन सर्वांत कमी वेळात धावलेला माणूस तोच. व्यवसायाने चष्मेवाला. वेग बरोबर आहे ना, असे झाटोपेकने वाटेत विचारल्यावर ‘फार सावकाश’ असे उत्तर त्याने दिले, अशी गोष्ट सांगतात. पुढे पायांत गोळे आले आणि पीटर्सला शर्यत सोडावी लागली. दोन वर्षांनी, १९५४ च्या ऑगस्टात, व्हँकुव्हरच्या उन्हात तो दुसऱ्या क्रमांकाच्या सतरा मिनिटे पुढे राहून क्रीडांगणात शिरला. आणि कोसळला. उठला, पुन्हा कोसळला. जिंकण्याची रेषा जवळ असूनही ती त्याला गाठता आली नाही. त्याला उचलून रुग्णालयात न्यावे लागले. शर्यत स्कॉटलंडच्या जो मॅक्गीने जिंकली.

त्यानंतरच्या दिवसांत पीटर्सने जे केले ते मला त्याच्या सर्व विक्रमांहून अवघड वाटते. तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. वय पस्तीस, नाव जगभर झालेले, आणि हातची शर्यत अशी गेलेली; दुसरा कोणी असता तर ‘एकदा तरी’ म्हणून परत आला असता. परत येण्याचा मोह तर सामान्य धावपटूलाही आवरत नाही. जुन्या धावपटूंत एक वहिवाट आहे: जितके मैल धावलात तितके दिवस शर्यतीचे नाव काढू नये. म्हणजे सव्वीस दिवस. पण आठव्या-दहाव्या दिवशी ठणका जातो, आणि त्याच सुमारास मन रिकामे होते. सहा महिने पहाटेचा गजर, रविवारची लांब धाव, खाण्यापिण्याचा हिशेब. सगळे एकदम थांबलेले. लग्न उरकल्यावर मांडव उतरलेल्या घरासारखे वाटते. मग बूट बाहेर येतात, आणि अर्धवट शिवलेले तंतू पुन्हा उसवतात.

पीटर्सने बूट बाहेर काढले नाहीत. ती शर्यत स्वतः पाहिलेल्या ड्यूक ऑफ एडिंबरो यांनी पुढे त्याला एक खास पदक पाठवले. शर्यत पुरी न करणाऱ्याला दिलेले पदक! चष्म्याच्या धंद्यात तो रमला, आणि १९९९ साली वारला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता.