छायाचित्रांची रोजकीर्द

एखादी विद्या हस्तगत करावयाची तर तिचे साहित्य सुलभ असावे, हे म्हणणे वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु छायाचित्रणाचे साहित्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जसजसे सुलभ होत गेले तसतशी ती विद्याही वाढत गेली, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. लग्नसमारंभाहून शेदोनशे चित्रे मोबाइलमध्ये साठवून घरी परतलेला गृहस्थ ती पुन्हा उघडून पाहण्याची तसदी क्वचितच घेतो, आणि त्यांतले उत्तम कोणते असे कोणी विचारलेच तर बोटाने पडदा सरकवीत राहण्यापलीकडे त्याला उत्तर सुचत नाही. छायाचित्रण शिकू इच्छिणाऱ्यास दररोज एक चित्र काढण्याचा जो सल्ला जाणती मंडळी देतात, त्यातील नित्यनेमाचे महत्त्व कोणालाही पटते. परंतु त्या सल्ल्याचे निम्मे सामर्थ्य, किंबहुना निम्म्याहून अधिक, एकाच चित्रावर थांबण्याच्या बंधनात आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

पूर्वी हे बंधन मुद्दाम पत्करावे लागत नसे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळी रूढ होऊ लागलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर चढवावयाचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावयाची आणि ती सुकण्यापूर्वी, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत नेऊन धुवावयाची, इतका खटाटोप एका चित्रामागे असे. पुढे पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मने ही यातायात कमी केली, तरी छत्तीस चित्रांचा रोल, तो धुण्याची मजुरी आणि छापील प्रतींचा खर्च यांचा हिशेब कॅमेरा धरणाऱ्याच्या मनात सतत चालू असे, आणि त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी दृश्य दोनदा निरखण्याचा शिरस्ता आपोआप अंगवळणी पडे. आज तो खर्च नाहीसा झाला, हे भाग्यच होय. मात्र त्याच्यासोबत जो विचार नाहीसा झाला तो परत आणण्यासाठी दिवसाला एकच चित्र, ही टंचाई आपण होऊन ओढवून घ्यावी लागते.

ही टंचाई निष्ठेने पाळणाऱ्यांत अमेरिकेतील जेमी लिव्हिंग्स्टन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड कॉलेजात शिकत असताना, ३१ मार्च १९७९ रोजी, त्यांनी पोलरॉइड कॅमेऱ्याने दिवसाला एक चित्र काढण्याचा नेम आरंभिला आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, कर्करोगाने मृत्यू येईपर्यंत तो चालविला. मित्रमंडळी, जेवणाची ताटे, रस्ते, बेसबॉलचे सामने, अखेरच्या वर्षातील रुग्णालयातील खाट आणि मृत्यूच्या काही आठवडे आधी झालेला विवाह, असा सारा संसार त्या सहा हजारांहून अधिक चौकोनांत तारीखवार आला आहे. त्यांतली पुष्कळशी चित्रे सुटी पाहिली तर सामान्यच वाटतील. परंतु मित्रांनी २००७ साली त्याच कॉलेजात ती ओळीने मांडली, तेव्हा एका मनुष्याच्या आयुष्याचा अठरा वर्षांचा दस्तऐवज प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

नवशिक्याचा पहिला लाभ मात्र याहून साधा आहे. त्याला प्रकाश दिसू लागतो. अंगणातील तुळशीवृंदावन सकाळी सातला पाहावे, दुपारी बाराला पाहावे आणि आषाढातील ढगाळ दिवशी पाहावे. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या चुन्याचे पोपडे, कोनाड्याची खोली आणि कडांवरची धार स्पष्ट उठून दिसते. माध्यान्ही तेच वृंदावन सपाट होते आणि पानांखाली काळ्या सावल्यांचे डाग पडतात. ढगांनी गाळलेल्या उजेडात सावल्या विरघळतात, परंतु पानांचा हिरवा रंग अधिक गहिरा भासतो. विषय तोच राहून चित्र मात्र पालटले, हे एकदा डोळ्यांनी अनुभवले म्हणजे 'आमच्याकडे काढण्यासारखे काही नाही' ही सबब पुढे करता येत नाही.

याच वृंदावनामागे पांढरीशुभ्र भिंत असेल तर दुसराही धडा मिळतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य पांढरे की काळे हे जाणत नाही; ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असावे, असे गृहीत धरून तो किती उजेड आत घ्यावयाचा हे ठरवितो. त्यामुळे चौकट पांढऱ्या भिंतीने भरली असता ती मळकट उतरते, आणि काळ्या म्हशीने भरली असता म्हैस राखाडी होते. यावर उपाय सोपा आहे: पांढऱ्यासाठी उजेड थोडा वाढवावा, काळ्यासाठी थोडा घटवावा. पुष्कळशा मोबाइलांत पडद्यावर बोट टेकताच सूर्याचे चिन्ह उमटते. ते वर किंवा खाली सरकविले की काम झाले. पुस्तकात हा नियम दहा वेळा वाचूनही विसरतो. आपल्याच दारची भिंत एका सकाळी मळकट निघाली की तो जन्मभर स्मरणात राहतो.

विषयाच्या मर्यादेलाही भिण्याचे कारण नाही. प्रागचे योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळले आणि १९४० पासून १९५४ पर्यंत त्याच एका खिडकीची चित्रे काढीत राहिले. काचेवरचे दव, हिवाळ्यातील बर्फाची नक्षी, पलीकडच्या अंगणातील वाकडे झाड आणि खिडकीच्या फळीवर ठेवलेल्या वस्तू, एवढ्या सामग्रीवर त्यांची ती चित्रमाला उभी आहे.

आता एक आक्षेप. रोजच्या नेमात लवकरच पाट्या टाकण्याची वृत्ती शिरते; रात्री साडेअकराला आठवण होऊन उशाशी असलेल्या चष्म्याचे चित्र काढून दिवस साजरा केला जातो. ही कैफियत खोटी नाही, आणि तिचा बंदोबस्त दोन प्रकारे करता येतो. प्रत्येक आठवड्यास एक विषय नेमून द्यावा: या आठवड्यात खिडकीतून येणारा उजेड, पुढल्या आठवड्यात काम करणारे हात, त्यानंतर वाहते पाणी. नळाची धार सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपली तर थेंब सुटे दिसतात आणि पंधराव्या भागात टिपली तर तिचा एकसंध पांढरा पट्टा होतो, हे अशा वेळीच कळते. दुसरे असे की, चित्राखाली दोन ओळींची नोंद करावी: वेळ, उजेडाची दिशा, आणि काय साधावयाचे होते. दुकानदाराच्या रोजकीर्दीप्रमाणे ही नोंद त्याच दिवशी पडली पाहिजे. राहिलेला दिवस रिकामाच सोडावा, दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून तो भरू नये.

महिनाअखेर ती सारी चित्रे एका ओळीत लावून ताळेबंद काढावा. सगळी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच घेतली आहेत, विषय प्रत्येक वेळी मधोमध आहे, क्षितिजरेषा उजवीकडे कलते आहे, माणसांच्या जवळ जाण्याचे धैर्य एकदाही झालेले नाही. असे दोष सुट्या चित्रात लपतात आणि रांगेत उघडे पडतात. पुढल्या महिन्याचा अभ्यासक्रम या बाकीवरून ठरवावा.

आरंभासाठी पाडव्याची किंवा नव्या कॅमेऱ्याची वाट पाहू नये. जवळ आहे तो मोबाइल पुरेसा आहे. सहा महिन्यांच्या नोंदींतून, आपणास हवे होते ते अमुक चित्र या यंत्राने अमुक कारणाने दिले नाही, असे नेमके दाखविता येऊ लागले म्हणजे खुशाल नवे भिंग घ्यावे. तोवर दुकानदाराने केलेल्या शिफारशीपेक्षा स्वतःच्या दफ्तरातील पुराव्यावर अधिक विश्वास ठेवणे शहाणपणाचे आणि खिशालाही परवडणारे आहे.