माळव्याची यात्रा : किती दिवस व कोठे मुक्काम?

यात्रेचा बेत ठरविताना आपण व्यापारी लोक खर्चाचा हिशेब चोख करतो. तिकिटे, मोटारीचे भाडे, धर्मशाळेची देणगी या सर्वांचा आकडा आधीच कागदावर मांडलेला असतो. परंतु वेळेचा हिशेब मात्र फारच थोडे लोक मांडतात. चार दिवस दुकान बंद ठेवावयाचे ठरले, म्हणजे त्या चार दिवसांत जितकी क्षेत्रे बसतील तितकी बसवावयाची, असा आपला रिवाज. इंदूर, उज्जैन, मक्षी, देवास, धार, मांडवगड, मोहनखेडा आणि जमल्यास बावनगजा अशी नामावळी तयार होते, आणि मंडळी निघतात.

या घाईची किंमत कोणाला द्यावी लागते, हे ध्यानी घेतले पाहिजे. वाटेत एका ठिकाणी तासभर उशीर झाला, पुढे रस्त्यात अर्धा तास गेला, आणि मोटार धर्मशाळेच्या दारी पोहोचते तेव्हा सूर्यास्त होऊन गेलेला असतो. भोजनशाळा बंद झालेली असते. तरुण मंडळी कशीतरी सोय करून घेतात. परंतु घरातील ज्या वृद्ध मातोश्रींचा चौविहार असतो, त्या पाण्याचा घोटही न घेता निजतात, आणि कोणाजवळ तक्रारही करीत नाहीत. ज्यांच्यासाठी यात्रा काढली त्यांनाच उपाशी ठेवणारा बेत हा बेतच नव्हे. म्हणून दिवस किती लागतील हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो व्रतपालनाचा व वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीचा आहे.

दिवसाचे खरे माप

आपल्या यात्रेचा दिवस चोवीस तासांचा नसतो. डिसेंबरच्या मध्यास माळव्यात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो व सायंकाळी पावणेसहाच्या आत मावळतो. नवकारशीचे पच्चक्खाण असेल तर सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, मुखात काही घालावयाचे नाही. राहिले दहा तास. पूजा, दोन वेळचे भोजन, प्रवास आणि दर्शन हे सर्व त्यांतच बसले पाहिजे.

आता मुक्काम बदलण्याचा खर्च पाहा. सामान बांधणे, हिशेब चुकता करणे, मोटार भरणे, नव्या गावी खोली मिळविणे, पुन्हा सामान सोडणे यात तीन तास सहज जातात. दहा तासांच्या भांडवलातून तीन तासांची ही घट रोज सोसावयाची म्हटले, तर तो व्यवहार तोट्याचा होय. यावरून यात्रेचा पहिला नियम निघतो : क्षेत्रे कितीही असोत, मुक्काम थोडे असावेत.

ऋतूचाही विचार करावा. चातुर्मासात प्रवास मर्यादित ठेवण्याची आपली परंपरा आहे, आणि उन्हाळ्यात माळव्याचे पठारही चांगलेच तापते. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ उत्तम. त्यातही फेब्रुवारीचा उत्तरार्ध अधिक चांगला, कारण तेव्हा सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो व डिसेंबरपेक्षा दिवस पाऊण तासाहून अधिक मोठा मिळतो. शिवाय मार्चअखेरीच्या हिशेबांची गर्दीही तोवर सुरू झालेली नसते.

दोन राजधान्या, दोन मुक्काम

बहुतेक मंडळी इंदुरास उतरतात आणि तेथूनच रोज ये-जा करतात. इंदूर मोठे शहर खरे. पण शहरातून बाहेर पडण्यातच बराच वेळ मोडतो, आणि सराफ्यातील रात्रीच्या ज्या खाद्यबाजाराचे लोक कौतुक करतात, त्याचा सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यास काय उपयोग? त्यापेक्षा नकाशा पुढे ठेवून पाहावे. पूर्वेची क्षेत्रे देवासभोवती आहेत व पश्चिमेची धारेभोवती. पवारांच्या या दोन जुन्या राजधान्या यात्रेकरूचे मुक्काम म्हणून फार सोयीच्या आहेत.

देवासपासून इंदूर, उज्जैन व मक्षी ही तिन्ही ठिकाणे सुमारे ३५ ते ४० किलोमीटरांवर आहेत. सोनकच्छ त्याहूनही थोडे जवळ. धारेपासून मांडवगड सुमारे ३५ किलोमीटर, राजगडजवळचे मोहनखेडा सुमारे ४५, आणि इंदूर ६० ते ६५ किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी तीन रात्री धरल्या, तर सात दिवसांची यात्रा एकदाच मुक्काम बदलून पुरी होते.

देवासचे तीन दिवस

मुंबईहून रात्रीच्या प्रवासाने येणारी अवंतिका एक्स्प्रेस उज्जैनवरून इंदुराकडे जाते. देवास याच मार्गावर आहे. पहिला दिवस विश्रांतीचा धरावा. सायंकाळी टेकडीवर जाऊन तुळजाभवानी व चामुंडा यांची स्थाने पाहावीत. तुकोजी व जिवाजी या दोघा पवार बंधूंपासून एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली; १९४८ साली दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. त्याच वर्षी कुमार गंधर्व देवासला राहावयास आले आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हेच त्यांचे गाव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मक्षी पार्श्वनाथ. येथे दोन्ही आम्नायांचे लोक पूजा करतात व त्यांच्या वेळा वेगवेगळ्या ठरलेल्या आहेत. त्या आधी विचारून मगच निघण्याची वेळ ठरवावी. तेथून उज्जैन, अवंती पार्श्वनाथाचे दर्शन, आणि सूर्यास्तापूर्वी देवास. हा त्रिकोण सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे.

तिसऱ्या दिवशी सोनकच्छजवळील पुष्पगिरी व गंधर्वपुरी. गंधर्वपुरी हे लहानसे गाव. पण परमारकालीन जैन मूर्ती व शिल्पे तेथे मोठ्या संख्येने जतन केलेली आहेत. ज्यांच्यासोबत वृद्ध मंडळी असतील त्यांनी हा दिवस मोकळा ठेवला तरी चालेल. मोकळा दिवस वाया जात नाही; मागे झालेला उशीर तोच भरून काढतो.

धारेचे तीन दिवस

चौथ्या दिवशी देवास सोडावे. वाटेत इंदुरास सर सेठ हुकुमचंद यांनी बांधविलेले काचमंदिर पाहावे, बाजारातील काम असल्यास उरकावे, आणि दिवस मावळण्यापूर्वी धार गाठावी.

पाचवा दिवस संपूर्ण मांडवगडासाठी राखावा. अर्ध्या दिवसात मांडवगड पाहून परतणारे लोक जहाजमहाल व रूपमतीचा मंडप एवढेच पाहतात, आणि सुपार्श्वनाथांच्या मंदिरात घाईने हात जोडून निघतात. पंधराव्या शतकात या गडावर श्रीमंत व विद्याव्यासंगी जैन कुटुंबे होती. संस्कृत ग्रंथकार मंत्री मंडन येथलाच. १४३९ साली लिहिली गेलेली कल्पसूत्राची प्रसिद्ध सचित्र पोथीही येथेच तयार झाली. सुलतानांच्या राजधानीत व्यापारी व अधिकारी या नात्याने वावरून आपल्या पूर्वजांनी विद्येस आश्रय दिला, हे मुलांना गडावर उभे करून सांगण्यासारखे आहे.

वाटेतील नालछा गाव चुकवू नये. पंडित आशाधर मांडलगड सोडून धारेस आले व पुढे तेराव्या शतकात नालछा येथे राहून त्यांनी ग्रंथरचना केली. श्रावकाच्या आचाराचे विवेचन करणारा त्यांचा ‘सागारधर्मामृत’ प्रसिद्ध आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत व देशव्रत आहेत : कोणत्या दिशेस किती दूर जावयाचे, आणि ठराविक काळात कोठवर हिंडावयाचे, याची सीमा आधीच आखून घ्यावयाची. यात्रेचा बेत आखणाऱ्यास याहून चांगला गुरुमंत्र कोणता? सीमा आधी ठरली, म्हणजे वाटेत कोणी ‘आणखी एक क्षेत्र जवळच आहे’ म्हणाले तरी मन डळमळत नाही.

सहाव्या दिवशी मोहनखेडा. ‘अभिधान राजेंद्र’ या सात खंडांच्या प्राकृत कोशाचे कर्ते आचार्य राजेंद्रसूरी यांचे १९०६ साली राजगड येथे देहावसान झाले. त्यांचे समाधिस्थान मोहनखेड्यास आहे. जवळच भोपावर येथे शांतिनाथांचे प्राचीन क्षेत्र आहे. दोन्ही करून धारेस परतावे.

सातव्या दिवशी सकाळी धार पाहावी. ‘तिलकमंजरी’कार धनपाल हा जैन कवी येथील राजसभेत होता. ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला तो किल्ला, तसेच लाट मशिदीजवळ तीन तुकड्यांत पडलेला प्राचीन लोहस्तंभ अवश्य पाहावा. तिन्ही तुकडे मिळून त्याची लांबी सुमारे १३ मीटर भरते. दुपारी इंदुराकडे निघावे आणि परतीच्या गाडीस अवकाश असल्यास गोमटगिरीवरील २१ फुटी बाहुबलींचे दर्शन घ्यावे.

दिवस कमी असतील तर

चारच दिवस हाती असतील, तर देवास किंवा धार यांपैकी एकच बाजू करावी. दुसरी पुढील वर्षासाठी ठेवावी. बावनगजाची ८४ फुटी आदिनाथमूर्ती नर्मदेपलीकडे बडवानीजवळ आहे. ती सात दिवसांत कोंबू नये. त्यासाठी दोन दिवस स्वतंत्र वाढवावेत.

दूरदेशीही हाच हिशेब

आपल्यातील काही कुटुंबे आता परदेशीही सहलीस जातात. दक्षिण अमेरिकेत लिमा, कुस्को, ब्यूनस आयर्स व रिओ ही शहरे एका दौऱ्यात करावयाची असतील, तर तेथे मुक्काम बदलण्यास तीन तास नव्हे, जवळजवळ एक दिवस लागतो. कारण अंतरे विमानाची आहेत. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर असल्याने हवा विरळ. तेथील पहिला दिवस विश्रांतीसाठीच सोडावा लागतो. तेव्हा चार शहरांसाठी चार दिवस केवळ हालचालीचे धरून मग पाहण्याचे दिवस मोजावेत. ऋतू तेथे उलटे असतात : ब्यूनस आयर्सला डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये सहाच्याही आधी. चौविहार पाळणाऱ्याने हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.

तात्पर्य, बेत मांडताना प्रथम त्या महिन्यातील सूर्योदय व सूर्यास्त लिहून काढावेत. नंतर मुक्काम दोनच निवडावेत. भोजनशाळेच्या वेळा दूरध्वनीने विचारून घ्याव्यात. एक दिवस मोकळा ठेवावा. आणि एवढे झाल्यावरच क्षेत्रांची नावे लिहावीत. त्यात एखादे नाव गळले तर हळहळू नये. सूर्यास्तापूर्वी सर्व मंडळी, विशेषतः वडीलधारी माणसे, जेवून शांतपणे बसलेली आहेत, हाच त्या दिवसाचा नफा समजावा.