थंड केल्यावर धातूचा रोध कमी होतो ना? मग या धातूंमध्ये तो आधी वाढतो कसा?

तांब्याची तार थंड करत गेलात, तर तिच्यातून वीज अधिकाधिक सहज वाहते. कारण साधं आहे. तारेतले अणू सतत थरथरत असतात आणि धावणारे इलेक्ट्रॉन त्या थरथरीला अडखळतात. थंडीत थरथर कमी होते, म्हणून रोधही कमी होतो.

पण काही धातू याला अपवाद आहेत. थंड करताना त्यांचा रोध आधी वाढतो, मग कोसळतो. त्यातले काही तर पुढे असे वागतात, की 'वीज म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह' या शाळेतल्या व्याख्येवरच शंका यावी. यांना 'हेवी फर्मिऑन' धातू म्हणतात. इलेक्ट्रॉन ज्या कुळात मोडतात, ते कण म्हणजे फर्मिऑन. आणि हेवी म्हणजे जड.

आधी रोध वाढतो कशामुळे?

याची पहिली चाहूल १९३० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे लागली. सोनं काही केल्विनपर्यंत थंड केलं (० केल्विन म्हणजे जवळपास उणे २७३ अंश सेल्सिअस), तर रोध कमी होता होता पुन्हा वाढू लागला. हे कोडं सुटायला १९६४ उजाडलं. जपानचे जून कोंडो यांनी दाखवलं, की याला सोन्यात मिसळलेले लोखंडासारखे मोजके चुंबकीय अणू जबाबदार आहेत. असा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. तापमान उतरतं तसे धावते इलेक्ट्रॉन या चुंबकांशी जास्त गुंततात, त्यांच्यावर आपटून वाट सोडतात आणि रोध वाढतो. हाच 'कोंडो परिणाम'.

मग तो कोसळतो का?

सोन्यात असे अणू थोडे आणि विखुरलेले असतात. हेवी फर्मिऑन धातूंमध्ये मात्र सेरियम किंवा यटर्बियमचे चुंबकीय अणू ठरावीक अंतरावर, रांगेत बसलेले असतात. लेझीमच्या पथकात प्रत्येकजण आपल्या मनाने नाचत असेल, तर मधून वाट काढणं अशक्य. पण सगळ्यांनी एक ताल धरला, की वाट सापडते. तसंच इथेही होतं. पुरेशा थंडीत सगळे अणू एका तालात येतात आणि रोध झपाट्याने उतरतो.

पण यात एक किंमत मोजावी लागते. अणूंमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉनही आता प्रवाहात ओढले जातात आणि सगळा प्रवाह सुस्त होतो. १९७५ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या संशोधकांनी सेरियम आणि ॲल्युमिनियमचं एक संयुग ०.२ केल्विनच्या खाली नेलं. तिथे त्यातल्या इलेक्ट्रॉनचा उष्णता शोषण्याचा गुणांक तांब्याच्या दोन हजार पटींहून जास्त निघाला. जणू इलेक्ट्रॉनचं वजनच हजार पटींच्या घरात गेलं होतं. तरी रोध नेहमीच्या गणितानेच चालला होता. तापमान निम्मं केलं, की त्यावर अवलंबून असलेला रोध एक चतुर्थांश. म्हणजे इलेक्ट्रॉन जड झाले, पण इलेक्ट्रॉनच राहिले.

खरी गंमत सीमेवर

या धातूंमध्ये कायम रस्सीखेच चालू असते. एकीकडे धावते इलेक्ट्रॉन प्रत्येक चुंबकाला वेढून त्याचा प्रभाव पुसू पाहतात. दुसरीकडे शेजारशेजारचे चुंबक एकमेकांना दिशा देऊन स्वतःची शिस्त लावू पाहतात. कोण जिंकणार, हे दाब, मिश्रण किंवा चुंबकीय क्षेत्र बदलून ठरवता येतं.

यटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगात साधारण ०.०७ केल्विनच्या खाली चुंबकांची शिस्त जिंकते. पण योग्य दिशेने फक्त ०.०६ टेस्लाचं क्षेत्र लावलं, की ती मोडते. दवाखान्यातल्या एमआरआय मशीनचं क्षेत्र सहसा १.५ टेस्ला असतं, यावरून अंदाज घ्या. नेमकं या सीमेवर वर्गाचं गणित बिघडतं. तापमान निम्मं केलं, की तापमानावर अवलंबून असलेला रोधही फक्त निम्माच होतो. अशा धातूंना 'स्ट्रेंज मेटल' म्हणतात.

मग इथे वीज वाहून कोण नेतं? पत्र्यावर पाऊस पडला की थेंबांचा ताडताड आवाज येतो. वीजही एकेका इलेक्ट्रॉनने वाहत असेल, तर प्रवाहात तशीच बारीक खळखळ असते. अमेरिकेतलं राइस विद्यापीठ आणि व्हिएन्नाचं तंत्र विद्यापीठ यांच्या संशोधकांनी याच संयुगाच्या अतिसूक्ष्म तारेत ती खळखळ मोजली. २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सोन्याच्या तारेच्या तुलनेत इथला आवाज खूपच कमी होता. थेंब मोजायला गेले आणि हाती संथ धार लागली, असा काहीसा हा प्रकार. ही वीज सुट्या कणांनी वाहत नसावी, असा त्याचा अर्थ लावला गेला.

याचा उपयोग काय?

तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलणारा असाच रोध तांब्याच्या ऑक्साइडपासून बनलेल्या अतिवाहकांमध्येही दिसतो. त्यांतले काही द्रव नायट्रोजनच्या तापमानातही शून्य रोधाने वीज नेतात. १९७९ साली जर्मनीत फ्रांक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांना सेरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या हेवी फर्मिऑन संयुगातही अतिवाहकता सापडली होती. तोवर चुंबकीय अणू अतिवाहकता मारतात, असंच मानलं जात होतं.

चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचं नातं कळलं, तर जास्त तापमानाला चालणारे अतिवाहक शोधताना अंदाजाने चाचपडावं लागणार नाही. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. धातूत वीज वाहते, तेव्हा नेमकं काय वाहतं?