सागरमाथ्याच्या वाटेवर

तीर्थास निघालेला मनुष्य देवदर्शनावांचून परतला, तर त्याची यात्रा निष्फळ झाली असें आपल्याकडे मानतात. गतवर्षीं आश्विनांत आम्ही आमच्या एका बालमित्रासह नेपाळांत सागरमाथ्याच्या तळछावणीकडे पायीं गेलों आणि ती न पाहतांच परतलों. ती यात्रा निष्फळ झाली काय, हें वाचकांनींच ठरवावें.

ज्या नगाधिराजाच्या वर्णनानें कालिदासानें कुमारसंभवाचा आरंभ केला, तो हिमालय आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. डोळ्यांनीं मात्र पाहिला नव्हता. लुक्ला येथें (२,८६० मीटर) लहान विमानांतून उतरल्यावर पायवाट सुरू होते. दूधकोसीवरील झुलते पूल ओलांडून दुसऱ्या दिवशीं नामचे बाजार (३,४४० मीटर) गांठला व तेथें एक दिवस मुक्काम केला. ह्या मुक्कामास कोणी आळस समजूं नये. तळछावणीच्या उंचीवर (सुमारें ५,३६४ मीटर) हवेचा दाब समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा असतो व प्रत्येक श्वासांत प्राणवायूही तितकाच कमी मिळतो. शरीरास त्याची संवय व्हावी म्हणून ३,००० मीटरांवर निजण्याची जागा रोज सुमारें ५०० मीटरांहून अधिक चढवूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं विसांवा घ्यावा, असा नियम आहे.

तेंगबोचेच्या मठाजवळून सागरमाथ्याचें टोंक दिसलें. २०२० सालीं जाहीर झालेली त्याची उंची ८,८४८.८६ मीटर. आम्ही दोघेही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

लोबुचे येथें (४,९४० मीटर) मित्रांनीं रात्रीं भात तसाच टाकला. आम्हीं तें पाहिलें, पण विचारलें नाहीं. सकाळीं वाटाड्यानें त्यांस एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावीत सरळ रेषेंत चालावयास सांगितलें. चवथ्याच पावलास त्यांचा तोल गेला.

"मास्तर, तूं पुढें हो. एका दिवसाची तर वाट. मी येथें पडून राहतों," ते म्हणाले.

खरें सांगतों, क्षणभर आम्हांस मोह पडला. साठी उलटलेली, पुन्हा येणें कोठलें? पण वाटाडी शांतपणें म्हणाला, "येथें पडून राहणें हा उपाय नाहीं. खालीं उतरणें हेंच औषध."

आम्ही उतरलों. थुकला येथें पर्वतावर प्राण गेलेल्यांच्या स्मरणार्थ रचलेले दगडांचे ढीग वाटेंत लागले. तेथें मान वर करवेना. फेरीचे येथें १९७३ पासून चालत आलेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. तेथें मित्रांस प्राणवायु देण्यांत आला. दुसऱ्या सकाळीं त्यांनीं चहा मागितला, तेव्हां आमच्या जिवांत जीव आला.

मग कळलें, कीं डोकेंदुखी दोन दिवसांची होती. आमची यात्रा मोडूं नये म्हणून त्यांनीं ती लपविली होती. आणि आमची यात्रा मोडूं नये म्हणूनच आम्हींही विचारलें नव्हतें! दोघांत अधिक दोषी कोण, हें आम्हांस ठाऊक आहे.

उंच वाटेस जाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: रोज सायंकाळीं सोबत्यास प्रकृति विचारावी, आणि त्याच्या उत्तरावर विसंबून न राहतां एकवार त्याच्या ताटाकडे पाहावें.