रेयॉन, गोधडी आणि बोहेमिया

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचं शहाडनंतरचं स्टेशन आंबिवली. स्टेशनाबाहेर पडून मोहन्याच्या दिशेने कुणालाही पत्ता विचारा, सांगणाऱ्याच्या तोंडी ‘एनआरसी’ हे नाव आलंच म्हणून समजा. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही १९४६ सालची कंपनी. कारखाना, कामगार वसाहत, शाळा असा तिचा सगळा पसारा मोहन्यात उभा राहिला. २००९ साली कारखाना बंद पडला आणि थकीत देण्यांसाठी कामगारांचा लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. या परिसराच्या इतिहासात एनआरसीची नोंद होते ती बंद पडलेली गिरणी आणि तिची जमीन अशी. इथे निघणारा धागा अंगावर काय होऊन यायचा, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

तो विचारायला आज एक निमित्त आहे. ‘व्हिंटेज’ आणि ‘बोहो’ हे शब्द आता कल्याण-डोंबिवलीच्या कपड्यांच्या दुकानांतही सर्रास ऐकू येतात. पायघोळ झुळझुळीत घागरा, बारीक फुलांचा मॅक्सी, आरसेकामाचं जाकीट, काळपट चांदीसारखे दागिने. घरात वेताची खुर्ची, पितळी घंगाळात लावलेलं मनीप्लांट, भिंतीवर जुनी तसबीर. ही आवड परदेशी चित्रं पाहून आली असं वाटतं. प्रत्यक्षात तिचं बरंचसं सामान आंबिवलीच्या पंचक्रोशीतून, मराठी घरांच्या माळ्यावरून आणि आपल्याच रस्त्यांवरून फिरणाऱ्या माणसांकडून गेलेलं आहे.

आधी तो झुळझुळीत घागरा घेऊ. त्याच्या आतल्या चिठ्ठीवर बहुधा ‘व्हिस्कोस’ लिहिलेलं असतं. व्हिस्कोस म्हणजे रेयॉनच. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९२ मध्ये त्याची कृती शोधली. लाकडाच्या लगद्याचे तक्ते कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, त्यांचा चुरा करून मुरवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची. चुरा नारिंगी होतो. तो पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवला की काकवीसारखं दाट द्रावण तयार होतं. ते गाळून अगदी बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडलं की धार गोठून धागा बनते. झाडातून निघालेला, पण रेशमासारखा चमकणारा. बाजारात त्याला आर्ट सिल्क म्हणत, म्हणजे कृत्रिम रेशीम. या प्रक्रियेतला कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला घातक असतो आणि जगभरच्या रेयॉन कामगारांनी त्याची किंमत मोजली आहे. फॅशनच्या इतिहासात या धाग्याची कौतुकं बरीच, कामगारांचा उल्लेख अपवादानेच.

पाश्चात्त्य देशांत १९४० च्या दशकातले जे झगे आज ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात, त्यांतले पुष्कळसे रेयॉन क्रेपचे असतात. युद्धामुळे रेशीम दुर्मिळ झालं आणि रेयॉनचे दिवस आले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मोहन्याला एनआरसी आणि पुढे शहाडला सेंच्युरी रेयॉन असे दोन मोठे कारखाने एकाच रेल्वेमार्गावर, शेजारशेजारच्या स्टेशनांवर चालू लागले. भिवंडी आणि सुरतेचे यंत्रमाग फार लांब नव्हते. ज्या घरात खरं रेशीम फक्त लग्नात दिसायचं, त्या घरातल्या बाईला रेयॉनने हळदीकुंकवाला नेसायला चमकदार साडी दिली. आजीच्या ट्रंकेतली जॉर्जेटची फुलाफुलांची साडी रेशमी नसेल, पण ती त्या काळाची खूण नक्कीच आहे.

ती ओळखावी कशी? पदराच्या आतल्या बाजूचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. रेयॉन कागदासारखा भुर्रकन जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. आणखी एक लक्षात ठेवा : ओला झाला की रेयॉनचा जोर जवळजवळ निम्म्याने कमी होतो. म्हणून अशी साडी पिळायची नाही, ओली असताना दोरीवर लटकवायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि आडवी वाळवायची. पन्नास वर्षं टिकलेली साडी एका धुण्यात फाटते ती याच कारणाने.

आता ‘बोहेमियन’कडे वळू; ‘बोहो’ हा त्याचाच संक्षेप. १८४० च्या दशकातल्या पॅरिसमध्ये भाडं थकवून माळ्यावरच्या खोल्यांत राहणाऱ्या चित्रकार-लेखकांना बोहेमियन म्हणत. आँरी म्युर्जे याने त्यांच्यावर कथा लिहिल्या, त्यांचं पुस्तक १८५१ मध्ये आलं आणि फाटका पण मोकळा वेश ही एक शैली ठरली. १८७५ मध्ये लंडनला आर्थर लिबर्टी यांचं दुकान निघालं. तिथे पूर्वेकडची रेशमी कापडं मिळू लागली आणि कलावंत मंडळी ती नेसू-पांघरू लागली. पुढे १९६०-७० च्या दशकांत हिप्पी खुश्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात उतरले आणि गोव्यात स्थिरावले. १९७० च्या दशकाच्या मध्यात हणजुण्याला बुधवारचा बाजार सुरू झाला. खिसा रिकामा झालेले हिप्पी आपलं सामान तिथे मांडून विकत. थोड्याच काळात कर्नाटकातल्या लमाणी बायका आपलं भरतकाम घेऊन त्या वाळूवर येऊन बसल्या. जगभर ‘बोहो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेशातले आरसे, कवड्या आणि लाल-पिवळे तुकडे यांवर अशा भरतकामाची छाप दिसते.

बंजारा किंवा लमाण समाज महाराष्ट्राला परका नाही. विदर्भ-मराठवाड्यात तांडे आहेत आणि पोहरादेवी हे त्यांचं श्रद्धास्थान वाशीम जिल्ह्यात आहे. हिप्पी गोव्यात येऊन स्थिरावत होते, त्या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. ते याच समाजातले, आणि १९६३ ते १९७५ असं दीर्घ काळ त्या पदावर होते. तांड्यावरच्या बाईचा फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी. त्यांवरचे आरसे, कवड्या आणि दाट टाके हे सगळं वर्षानुवर्षं वापरायच्या हिशेबाने केलेलं असतं. जिथे ओढ बसते तिथे टाके जास्त आणि कापड दुहेरी. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण शहरातल्या दुकानात ‘बोहो’ म्हणून टांगलेल्या जाकिटाचे आरसे बहुतेक वेळा प्लास्टिकचे असतात, चिकटवलेले असतात आणि पहिल्या धुण्यात गळतात. नक्कल ओळखायला उलटी बाजू पाहावी. हाताच्या भरतकामाची उलटी बाजू गाठी आणि धाग्यांचे प्रवास दाखवते.

ज्या बोहेमियावरून हे नाव पडलं तो प्रांत आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे, आणि त्याचा माल मराठी घरांत कधीच येऊन पोचला होता. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात आयात होणाऱ्या काचेच्या बांगड्या आणि मण्यांत ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा वाटा मोठा होता, आणि त्यातला बराच माल बोहेमियातल्या गाब्लोन्झ या गावाकडून यायचा. सवाष्णीच्या हातातला चुडा युरोपात बनत होता. या आयातीला स्वदेशी उत्तर म्हणून लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडी खुर्चीचं मूळही त्याच मुलखातलं. मिखाएल थोनेट याने बोहेमियाशेजारच्या मोराव्हियात कारखाना काढला, बीच लाकूड वाफेवर वाकवलं आणि १८५९ मध्ये चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे केले तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणूनच ही घडण समुद्र ओलांडून मुंबईच्या नाक्यानाक्यावर पोचू शकली.

मराठी घरात जुन्याचा पुनर्वापर हा शैलीचा विषय नव्हता, व्यवहार होता. दुपारच्या वेळी दारावर येणारी बोहारीण आठवा. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. साडी हातात घेतली की ती आधी उजेडात धरणार. विरलेली जागा सापडली की भाव पडला. मग काठ चाचपणार. पँट चालेल, ब्लाउज नको, जरीचा काठ असेल तर डबा मोठा. दोन साड्यांत पातेलं मागणारी घरधनीण आणि तीन साड्यांत वाटी देऊ करणारी बोहारीण यांची घासाघीस अर्धा तास चालायची. हे कपडे पुढे कुठे जातात याचा माग लुसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीत काढला. त्यांचं पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. जुन्या रेशमी, जरीच्या साड्या तिथल्या बाजारात वेगळ्या काढल्या जातात, त्यांचे स्कर्ट, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवले जातात आणि परदेशी ग्राहक ते हौसेने घेतात. भांड्याच्या बदल्यात घरातून गेलेली साडी बोहेमियन होऊन दुकानात परत येते, तीही अनेक पटींनी महाग.

जी साडी बोहारणीच्याही उपयोगाची नसे, तिची गोधडी व्हायची. देशावर तिला वाकळ म्हणतात. आत विरलेल्या लुगड्यांचे थर, वर त्यातल्या त्यात धड राहिलेलं नऊवारी. चारी बाजूंनी दुमड घालून काठापासून आत चौकोनात धावदोरा घालत जायचं. दोन बायका समोरासमोर बसून शिवत असतील तर टाक्यांची लय वेगळी पडते आणि ती शेवटपर्यंत दिसते. बाळंतिणीच्या घरी दुपट्यासाठी मुद्दाम जुनंच लुगडं शोधलं जायचं, कारण शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या सुताची सर नव्या कापडाला येत नाही. सिंधमध्ये असाच तुकड्यांचा पांघरुणाचा प्रकार आहे, रल्ली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसवून त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आंबिवलीच्या शेजारच्या या शहराने पुढे फर्निचर आणि जीन्सच्या बाजारात नाव कमावलं.

जुनं फर्निचर घ्यायला चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जा, ओशिवऱ्याला जा किंवा उल्हासनगरला. पण डोळे उघडे ठेवून. खुर्ची उलटी करा. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हाची खाच दिसली तर ती खुर्ची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असणं जवळपास अशक्य. तो स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला आणि आपल्याकडे त्याहून उशिरा. खण बाहेर ओढून तळ पाहा. तिथे प्लायवुड असेल तर विक्रेत्याची गोष्ट ऐका, भाव मात्र प्लायवुडचाच द्या. तोच नियम फरशीला. १९२२ साली स्वदेशीच्या भरात सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंगच्या रंगीत सिमेंट लाद्या भाजलेल्या नसतात. साच्यात रंग ओतून दाबाखाली बनतात आणि पाण्यात मुरवून पक्क्या होतात. कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उठताना अशा लाद्या राडारोड्यात जातात. घर पाडायच्या आधी त्या सोडवून घेता येतात आणि घासून पुन्हा बसवता येतात.

शैली अंगी मुरली की काय दिसतं, याचं मराठी उदाहरण अभिनेत्री स्मिता पाटील यांचं. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर त्या बातम्या द्यायच्या आणि जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, असं सांगितलं जातं. हातमागाची साडी, मोठी टिकली, बस्स. त्यांच्यानंतर एका पिढीने खण, इरकल, चांदीची कानातली पुन्हा कपाटाबाहेर काढली.

लमाणी भरतकामाचं झालं तेच वारली चित्रांचंही घडलं. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने बायका लिहायच्या. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगापुढे आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज उशीपासून मगपर्यंत सगळीकडे वारली आकृत्या छापल्या जातात. छापणाऱ्याला चित्रकाराचं नाव माहीत नसतं आणि घेणारा विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ही शैली मुळात हाती फारसं काही नसणाऱ्यांची आहे. भाडं थकलेल्या चित्रकाराची, तांडा हलवणाऱ्या बाईची, लुगडं विरेपर्यंत वापरणाऱ्या आजीची. जपणं, सांधणं, अदलाबदल करणं यातून ती घडली. तिचं नुसतं रूप नवं विकत घेण्यात पैसा जातो, हाती मात्र शैली लागत नाही.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत माळा उपसाल, तेव्हा तीन गोष्टी करा. टाकून द्यायच्या साडीबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती कुणाची, कोणत्या साली, कुठून घेतली हे चिठ्ठीवर लिहून साडीतच ठेवा. मोडकी खुर्ची भंगारात देण्याआधी सुताराला दाखवा. आणि हाताचं भरतकाम किंवा वारली चित्र घ्यायचंच असेल तर करणाऱ्याचं नाव विचारा, आणि त्याच्या हातात पैसे पडतील अशा ठिकाणीच घ्या.