बत्तीस हजार माणसं आणि दोन सिंह

त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट अनेकांनी वाचलेली असते, निदान पडद्यावर तरी पाहिलेली असते. १८९८ साली केनियातल्या त्सावो नदीवर रेल्वेचा पूल उभारला जात होता. तिथल्या मजुरांना दोन सिंह रात्री तंबूतून ओढून नेत. मार्चपासून डिसेंबरपर्यंत ही दहशत चालली. शेवटी पुलाचं काम पाहणाऱ्या पॅटरसन या अधिकाऱ्याने दोघांनाही गोळ्या घातल्या. आज ते सिंह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेले आहेत. पण ज्या मजुरांवर त्यांनी झडप घातली ते कुठले, किती आणि तिथे कशासाठी गेले होते, हे त्या गोष्टीत कधी धड येत नाही. त्यांचे आकडे सिंहांहून जास्त हादरवणारे आहेत.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या आजच्या किसुमूपर्यंत ब्रिटिशांना रेल्वे न्यायची होती. अंतर ५८२ मैल, म्हणजे सुमारे ९३७ किलोमीटर. मुंबईहून निघून नागपूर ओलांडल्यावर आणखी शंभर किलोमीटर गेलं की जेवढं होईल तेवढं. वाटेत तारूचं निर्जल रान, पुढे रिफ्ट व्हॅलीचे तुटलेले कडे आणि त्याही पुढे अडीच हजार मीटरपर्यंतची चढण. १८९६ ते १९०१ या काळात या कामासाठी हिंदुस्थानातून ३१,९८३ माणसं करारावर नेण्यात आली. त्यात बहुतांश पंजाबी होते: मुसलमान, शीख, हिंदू. शेतमजुरांबरोबर सुतार, लोहार आणि गवंडीही होते. कराचीच्या धक्क्यावर ते बोटीत चढत. करार तीन वर्षांचा, परतीचं भाडं सरकारकडे. साध्या मजुराला महिना बारा ते पंधरा रुपये आणि वर शिधा.

त्यांनी काय उचललं ते पाहा. हिंदुस्थानातल्या अनेक मार्गांसारखाच मीटर गेजचा हा मार्ग. त्याला तीस फुटी रूळ लागले सुमारे दोन लाख, स्लीपर बारा लाख आणि रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या पोलादी चाव्या अठ्ठेचाळीस लाख. हे आकडे जमिनीवर उतरवले की कामाचं खरं रूप दिसतं. तीस फूट मार्गासाठी बारा स्लीपर मांडायचे. मग दोन रूळ खांद्यावरून आणून त्यांवर ठेवायचे, एकेकाचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. प्रत्येक स्लीपरला चार याप्रमाणे अठ्ठेचाळीस चाव्या हातोड्याने ठोकायच्या. एवढं झालं की तीस फूट पुढे सरकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं एक लाख दोन हजारांहून अधिक वेळा. साधारण साडेपाच वर्षांच्या हिशेबाने रोज सरासरी चोवीसशे चाव्या बसल्या, आणि त्यात भराव, पूल, खडी यांचा हिशेब धरलेलाच नाही.

या रेल्वेवर सुमारे ५५ लाख पौंड खर्च झाले, म्हणजे किलोमीटरला जवळपास ५,९०० पौंड. त्या काळी पौंडाचा भाव पंधरा रुपये ठरलेला होता. मजुराचा पगार वरच्या टोकाचा, म्हणजे पंधरा रुपये धरला, तरी तो महिन्याला एक पौंड होतो. एका किलोमीटरच्या खर्चाएवढी कमाई करायला त्या मजुराला ४९० वर्षं राबावं लागलं असतं.

आता माणसांचा हिशेब. ३१,९८३ पैकी करार संपवून परतले १६,३१२. आजारपणामुळे किंवा जायबंदी होऊन परत पाठवले गेले ६,४५४. मेले २,४९३. तिथेच राहिले ६,७२४. मेलेले आणि निकामी झालेले मिळून ८,९४७ होतात, म्हणजे दर चार माणसांमागे एकाहून जास्त. दर मैलाला चारांहून अधिक मृत्यू. किलोमीटरमध्ये सांगायचं तर दर पावणेचारशे मीटरला एक माणूस.

मग यात सिंहांचा वाटा किती? पॅटरसनने आपल्या १९०७ च्या पुस्तकात २८ हिंदी मजूर गेल्याचं लिहिलं. पुढे त्याने एकूण बळींचा आकडा १३५ पर्यंत नेला. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या सिंहांची हाडं आणि केस तपासून अंदाज बांधला तो सुमारे ३५ माणसांचा. २८ हा आकडा घेतला, तर २,४९३ मृत्यूंपैकी सिंहांनी मारले जेमतेम एक टक्का. उरलेले नव्याण्णव टक्के हिवतापाने, हगवणीने, चिघळलेल्या जखमांनी आणि अपघातांनी गेले. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. जे आफ्रिकी लोक मेले, त्यांची तर मोजदादच ठेवली गेली नाही.

या हजारोंमधला एक आवाज सुदैवाने आपल्यापर्यंत पोचला आहे. रोशन नावाच्या मिस्त्रीने सिंहांच्या शिकारीवर हिंदुस्थानीत एक लांबलचक कविता रचली. तिच्याखाली त्याने बापाचं नाव, गाव, डोमेली हे टपाल कार्यालय आणि २९ जानेवारी १८९९ ही तारीख नीट लिहिली. पॅटरसनने तिचा अनुवाद पुस्तकात छापला, म्हणून रोशन मिस्त्री आज आपल्याला माहीत आहे. आपला पत्ता इतक्या काळजीने लिहिणाऱ्या या माणसासारख्यांना तेव्हा सरसकट 'कुली' म्हटलं जाई.

जे ६,७२४ राहिले, त्यांनी रेल्वेच्या कारखान्यांत काम केलं, दुकानं काढली, घरं बांधली. १८९९ मध्ये पाणथळ जागी रेल्वेचा तळ म्हणून सुरू झालेलं नैरोबी आज चाळीस लाखांहून मोठं महानगर आहे. याच मार्गावरच्या माकिंडूत शिखांनी १९२६ मध्ये उभारलेल्या गुरुद्वाऱ्यात आजही कुठल्याही जातीधर्माच्या प्रवाशाला फुकट जेवण मिळतं. २०१७ मध्ये केनियाच्या सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. पहिली बोट गेल्यावर एकशे एकवीस वर्षांनी.

त्सावोच्या सिंहांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण ती सांगताना २,४९३ हा आकडाही सांगा, आणि ही माणसं सिंहांमुळे कमी आणि आजार, जखमा नि अपघातांमुळे जास्त मेली, हेही सांगा.